संसारातून पुन्हा शिक्षणाकडे

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. याच विहारात सतरंजीवर शेवटच्या रांगेत बसून वंदना म्हणणारी तुमचीच पोरगी आहे. बाबा डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीत कामाला होते, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. महिला मंडळाने सांगितलं की तू लग्नानंतर, लेकरं झाल्यावर एम.बी.ए. केलंस, त्यावर बोल. मी म्हटलं, त्यात काय बोलायचं? तेव्हा आमच्या काकू म्हणाल्या, "तुले वाटते तेवढं सोपं नाही बाई. इथं बारा सुना अशा आहेत की ज्याइचा बी.ए., बी.कॉम.चा कागद पेटीत पडला आहे. त्याइले सांग, कागद पेटीतून काढाचा कसा." म्हणून उभी राहिले.

एम.बी.ए. म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात हिशेब, बाजार, माणसांकडून काम करून घेणे, कर्ज-व्याज, मालाचा खर्च काढणे, असे विषय असतात. कोणत्याही शाखेची पदवी चालते. आपल्या लोकांत शिक्षक, बँक, रेल्वे, पोलीस ही वाट मळलेली आहे. ही वाट अजून नवी आहे. त्यातही बाईने नऊ वर्षे घरी राहून मग या वाटेला लागावे, हे आमच्या सासरी कुणाला पटण्यासारखे नव्हते. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हते.

माझी हकीकत थोडक्यात सांगते. तुमसरला जाऊन-येऊन बी.कॉम. केले, २००४ मध्ये पास झाले, गुण ५२ टक्के. मग नागपूरला एका खाजगी कंपनीत हिशेबाच्या कामाला लागले. पाच वर्षे नोकरी केली. टॅलीवर हात चांगला बसला होता. २०१० मध्ये मुलगा झाला म्हणून नोकरी सोडली. वाटले, सहा महिन्यांनी परत जाऊ. पुढच्याच वर्षी सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. त्यांचं उठवणं-बसवणं, औषधं, पाणी, सगळं माझ्याकडे आलं. २०१३ मध्ये मुलगी झाली. सासूबाई २०१८ मध्ये गेल्या. त्यांनी शेवटपर्यंत मला नावाने हाक मारली नाही, "बाई" म्हणायच्या. पण शेवटच्या वर्षी एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "तुह्यं शिक्षन मी खाल्लं." मी म्हटलं, असं नाही बोलू. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

त्यांच्यानंतर नोकरी शोधायला निघाले. एका ठिकाणी बोलावले. समोरच्या माणसाने विचारले, जी.एस.टी. भरता येतो का? मी नोकरी सोडली तेव्हा व्हॅट होता, सर्व्हिस टॅक्स होता. १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. लागू झाला आणि मला येत होता तो अर्धा कारभारच रद्द झाला. मी घरी सासूबाईंचे डायपर बदलत होते तेव्हा देशाचा कर बदलला. त्या माणसाने मला जो पगार सांगितला तो माझ्या २००५ सालच्या पहिल्या पगाराच्या आसपासच होता. त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. भगिनींनो, नऊ वर्षांचा खंड म्हणजे काय, ते त्या दिवशी कळले.

मग नणंदेच्या मुलाने एम.बी.ए. सीईटीचा फॉर्म भरताना सहज विचारले, "मामी, तुमचाही भरू का?" आम्ही दोघेही हसलो. रात्री मात्र मी त्याला फोन करून विचारले की वयाची अट काय आहे. तो म्हणाला, अटच नाही.

इथे मला परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची आहे. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, पण त्या पदव्यांच्या मध्ये जी तीन वर्षे रिकामी दिसतात त्यांच्याबद्दल फारसे बोलत नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. त्यांचे सामान ज्या जहाजाने येत होते ते जहाज महायुद्धात टॉर्पेडोने बुडाले, पुस्तके गेली. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले, हे तुम्हाला पाठ आहे. मुंबईला परतले. घर चालवायचे होते. शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याची एक पेढीही काढून पाहिली. म्हणजे अर्थशास्त्राची एवढी विद्या घेऊन आलेला माणूस व्यवसायात उतरला. पण सल्ला देणारा कोणत्या जातीचा आहे हे गिऱ्हाइकांना कळले आणि पेढी बंद पडली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज वाणिज्य शिकवणारे, १९१३ मध्ये निघालेले. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळात तो मोठा पगार होता. आता मोकळेपणाने राहावे, असा विचार कुणीही केला असता. पण ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले आणि पैसे साठवू लागले. का? तर लंडन विद्यापीठाकडून त्यांनी परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांपर्यंत. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिक्षण सोडून जाताना त्यांनी दार ओढून घेतले, पण कडी लावली नाही. परवानगीचा कागद हातात ठेवला. मार्च १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा दिला, आपली साठवण, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्यावर १९२० च्या जुलैमध्ये पुन्हा लंडन गाठले. वय २९. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर जो प्रबंध दिला, तो परीक्षकांनी दुरुस्त करायला लावला. तोवर पैसे संपले होते. मुंबईला परत येऊन त्यांनी तो दुरुस्त केला, परत पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली.

लंडन स्कूल काही आजच्या अर्थाचे बिझनेस स्कूल नव्हे, हे मला माहीत आहे. पण घरासाठी, पैशासाठी शिक्षण थांबले आणि मग पुन्हा अर्ज करून जाणे, ही गोष्ट तीच आहे.

आणि हेही सांगते, की ती तीन वर्षे मातोश्री रमाईने काय केले असेल? १९२० मध्ये बाबासाहेब परत निघाले तेव्हा यशवंत लहान होता, घरात पैसा नव्हता. रमाईची चार लेकरे एकामागून एक गेली. त्यांच्या शिक्षणात खंड पडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना शाळेत जायलाच मिळाले नव्हते. आपण रमाईचा त्याग गातो, जयंती करतो, आणि घरी येऊन सुनेला म्हणतो, "रमाई बन." भगिनींनो, रमाईने जे केले ते बाबासाहेब शिकावेत म्हणून केले. आज घरातली सून शिकायला निघाली तर रमाईची जागा नवऱ्याने घ्यावी, सासऱ्याने घ्यावी, त्यात काय बिघडते? माझे पती इथे पुरुषांच्या बाजूला बसले आहेत. ते माझ्या परीक्षेच्या काळात पोळ्या करायला शिकले. गोल नाही होत अजून.

आता कामाचे बोलते.

आपल्या महाराष्ट्रात एम.बी.ए.ला प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेवर होतो. अट एवढीच की पदवी किमान तीन वर्षांची असावी आणि गुण ५० टक्के, राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के. वयाची अट नाही. नोकरीचा अनुभव लागत नाही. खंड किती वर्षांचा आहे हे परीक्षेचा संगणक विचारत नाही. ही या वाटेची सर्वांत मोठी सोय. मुलींसाठीही काही जागा राखीव असतात. गुणवत्ता यादीत नाव आले की पसंतीक्रम भरायचा आणि संगणकावरून जागा मिळते. त्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच प्रवेश घ्या. कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर शिष्यवृत्ती बसत नाही. मोबाईलवर "एका वर्षात एम.बी.ए." अशा जाहिराती येतात, त्यांना फोनसुद्धा करू नका.

खरी लढाई कागदांची आहे. मुलाला सीईटीसाठी जे कागद लागतात तेच सुनेला लागतात, पण सुनेच्या कागदांवर दोन नावे असतात. दहावीच्या सनदेवर, टी.सी.वर, पदवीवर माहेरचे नाव. आधार कार्डावर, बँकेत, रेशन कार्डावर सासरचे नाव. मी पहिल्या वर्षी फॉर्म आधारवरच्या नावाने भरला आणि पडताळणीच्या टेबलावरच्या मुलाने तो परत दिला. म्हणाला, "मॅडम, या दोन वेगवेगळ्या बायका आहेत." तुम्ही हसता, पण त्याचं काही चुकलं नाही. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. लग्न विहारात झालं असेल, भन्तेजींनी लावलं असेल, तरी नोंदणी वेगळी करावी लागते. आणि अर्ज सनदेवरच्या नावाने भरा.

जातीचा दाखला बाईला वडिलांकडून मिळतो, नवऱ्याकडून नाही. लग्नानंतर काढला तरी वडिलांच्या कागदांवरच निघतो. म्हणून माहेरी असतानाच लेकीचा दाखला आणि जात वैधता काढून ठेवा, असे मी आज सर्व आईबापांना हात जोडून सांगते. माझी वैधता काढलेली नव्हती. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचे शाळेत नाव नव्हते, तेव्हा टी.सी. कुठून आणायची? शेवटी कोतवाल बुकाची नक्कल काढली. त्यात चुलत आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली, पण पणजोबांच्या नावात एक काना जास्त होता. त्या एका कान्यासाठी चार फेऱ्या झाल्या, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र झाले. पण काम झाले. आणि एकदा माझे झाले म्हणून माझ्या भावाच्या लेकरांचे पुढे सोपे झाले, कारण रक्ताच्या नात्यातली वैधता पुरावा म्हणून लावता येते.

दुसरी गोष्ट केंद्राच्या संस्थांची. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्याआधी ३४ वर्षे आपण धर्म बदलला म्हणून केंद्राच्या यादीबाहेर होतो. पण केंद्राच्या यादीत जातीचे नाव आहे, "नवबौद्ध" असे नाव नाही. त्यामुळे केंद्राच्या संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीच्या नावाचा दाखला वेगळा काढावा लागतो. ज्या जातीतून बाहेर पडलो तिचे नाव पुन्हा कागदावर लिहायचे, हे काहींना खटकते. मलाही खटकले. पण दाखला न काढल्याने जात जात नाही, फक्त जागा जाते.

ही केंद्राची गोष्ट का सांगते? कारण आयआयएम नागपूरला आहे. २०१५ मध्ये ती संस्था सुरू झाली, २०२२ मध्ये मिहानमध्ये तिची स्वतःची इमारत झाली. आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. तिथल्या प्रवेशासाठी कॅट नावाची परीक्षा असते, नोव्हेंबरच्या शेवटी होते. पदवीला अनुसूचित जातीसाठी ४५ टक्के गुण पुरतात, वयाची अट तिथेही नाही. १५ टक्के जागा अनुसूचित जातीसाठी असतात. फी मोठी आहे, ऐकून छाती दडपते. पण अशा नामांकित संस्थांतील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे आणि बँका शिक्षणकर्ज देतात. मी कॅट दिली नाही. इंग्रजीची भीती वाटली. ही माझी चूक झाली, कारण न देता नापास होण्यापेक्षा देऊन नापास झाले असते तर निदान पेपर कसा असतो ते आज तुम्हाला सांगता आले असते. इथल्या पोरींनी दोन्ही परीक्षांचे फॉर्म भरावेत.

माझ्या सीईटीकडे येते. २०० प्रश्न, १५० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. निम्मा पेपर बुद्धिमत्तेचा आणि आकृत्यांचा. ५० प्रश्न गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. गणित ऐकून घाबरू नका. शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, काळ-काम-वेग, सरासरी, हे सगळे सातवी-आठवीचे. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता आणि पुढच्या वर्षीच्या स्कॉलरशिप परीक्षेची तयारी करत होता. त्याच्या बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकात जी कोडी होती, त्यांचीच मोठी भावंडे माझ्या पुस्तकात होती. आम्ही दोघे एकाच पाटावर बसायचो. तो माझ्याआधी उत्तर काढायचा आणि म्हणायचा, "आई, तू लय स्लो आहेस." पहाटे चारला उठायची. नळ यायच्या आत दीड तास मिळायचा. दुपारी मुलगी झोपली की एक तास. यापेक्षा जास्त वेळ मला कधीच मिळाला नाही. क्लास लावला नाही, पैसेही नव्हते. जुने पेपर घड्याळ लावून सोडवले, तोच माझा क्लास.

मार्च २०१९ ला पहिल्यांदा बसले. ४१ पर्सेंटाइल आले. घरी सगळे म्हणाले, नापास झाली. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे हे मलाच निकालानंतर कळले. १०० जण बसले तर तुमच्या मागे किती राहिले, तो आकडा. माझ्या मागे ४१ राहिले आणि पुढे ५८. वीस-बावीस वर्षांची पोरे, रोज कॉलेजात जाणारी, त्यांतली ४१ मागे राहिली हे काही वाईट नव्हते. पण चांगल्या जागेला पुरण्यासारखेही नव्हते.

त्याच साली दुसऱ्या शहरातल्या एका खाजगी संस्थेत अर्ज केला होता. तिथे मुलाखत होती. तिघे जण बसले होते. एकाने कागद चाळले आणि विचारले, "२०१० ते २०१९ काय केलं?" मी म्हटलं, "घरी होते." तो म्हणाला, "घरी तर सगळेच असतात. आता तुम्हाला नोकरी कोण देणार?" मी गप्प झाले. "थँक यू" म्हणून बाहेर आले आणि बाहेर आल्यावर सगळी उत्तरे सुचली. नेहमी तसंच होतं.

या प्रश्नाबद्दल थोडे थांबून बोलते, कारण तो तुम्हालाही विचारला जाणार आहे. आठ मार्चच्या कार्यक्रमात आपण म्हणतो की घर सांभाळणे हेच मोठे मॅनेजमेंट आहे. टाळ्या पडतात. पण मुलाखतीत ते वाक्य चालत नाही, ते ऐकून ऐकून त्यांचे कान किटले आहेत. तिथे आकडा लागतो. मी त्या नऊ वर्षांत आमच्या वस्तीतल्या बचत गटाची सचिव होते. अकरा बायका, दर महिन्याची वसुली, बँकेचे कर्ज, कुणाचा हप्ता थकला, कुणाला दंड, हे सगळे मी वहीत मांडत होते. सात वर्षांची वही माझ्याकडे आहे. मला त्या दिवशी ती आठवलीच नाही, कारण ती मला "काम" वाटतच नव्हती. पुढे एम.बी.ए.च्या शेवटी नोकरीच्या मुलाखतीत तोच प्रश्न आला, तेव्हा मी तीन वाक्यांत सांगितले: लकवा झालेल्या सासूबाईंची देखभाल केली, ती जबाबदारी २०१८ मध्ये संपली. त्या काळात अकरा सभासदांच्या गटाचे हिशेब ठेवले, एकही कर्ज बुडाले नाही. मागे पडलेले कायदे मी या दोन वर्षांत शिकले. एवढंच. रडायचं नाही, माफी मागायची नाही, आणि त्यागाची गोष्टही लांबवायची नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

मार्च २०२० मध्ये दुसऱ्यांदा बसले. १४ आणि १५ मार्चला परीक्षा झाली आणि दहा दिवसांत देश बंद. ७८ पर्सेंटाइल आले. पण प्रवेशफेऱ्या लांबत लांबत त्या वर्षाच्या अखेरीला गेल्या. नागपूरच्या एका कॉलेजात जागा मिळाली. पहिले सत्र मोबाईलवर. काही दिवस मी इथे माहेरी होते, तेव्हा गच्चीच्या एकाच कोपऱ्यात नेटवर्क यायचे. खाली आई धान वाळवायची आणि मी वर "ऑर्गनायझेशनल बिहेविअर" ऐकायची. वर्गातली पोरे मला आधी ताई म्हणायची, मग काकू म्हणू लागली. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र सगळे कॉस्टिंगची गणिते विचारायला काकूलाच फोन करायचे.

पैशाचे सांगते. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फी माफीची वेगळी योजना, दोन्हीचे अर्ज महाडीबीटीवर. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मागतात. खंडाचे प्रतिज्ञापत्र लागते, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शिक्षण बंद होते ते लिहून. बँक खाते आधारशी जोडलेले असावे. आणि हे पैसे उशिरा येतात, हे धरूनच चाला. आमच्या घरी पतसंस्थेचे कर्ज काढले आणि आईने मंगळसूत्रातले मणी सोडून बाकी जे होते ते दिले. दोन्ही फेडून झाले आहे.

ज्यांना घर सोडणे शक्यच नाही, नागपूरला खोली घेणे शक्य नाही, त्यांनी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विचार करावा. पदवी खरी असते. पण मन घट्ट लागते, कारण घरी पुस्तक उघडले की प्रत्येकाला तहान लागते. आणि नागपूरला जाता येत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या दीक्षाभूमीवर आपण दरवर्षी जातो, तिथेच १९६४ पासून डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात व्यवस्थापन शिक्षणाची संस्थाही आहे. आपण स्तूपाला वंदन करतो, पुस्तके घेतो, भोजनदान घेतो आणि बस पकडतो. पुढच्या वेळी त्या फाटकातून आत जाऊन चौकशीच्या खिडकीवर उभे राहा. मुंबईला बाबासाहेबांनी शिकवले त्या सिडनहॅमच्या नावाचीही व्यवस्थापन संस्था आहे, सीईटीवरच प्रवेश मिळतो.

एक कडू गोष्ट लपवणार नाही. एम.बी.ए. झाले म्हणजे नोकरी लागलीच असे नाही. माझ्याबरोबरच्या काही पोरांना अजून मनासारखे काम नाही. मला २०२२ मध्ये ३९ व्या वर्षी नोकरी मिळाली, नागपूरच्या एका खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कारखान्यात, मालाचा खर्च काढण्याच्या कामावर. पगार सांगत नाही, सासरची माणसे बसली आहेत. पण जी.एस.टी. मला आता भरता येतो. आणि मुलीचा अभ्यास मागे पडला, हेही खरे आहे. त्या दोन वर्षांत तिच्याकडे जेवढे पाहायला हवे होते तेवढे पाहिले गेले नाही. तिने मला एकदा विचारले, "आई, तुझी शाळा कधी संपेल?" त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते.

काकूंनी मला बारा सुनांचे सांगितले होते. मी मघापासून मोजते आहे, नऊ दिसताहेत. तिघी घरी स्वयंपाक करत असतील. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी माहेरी येते. भन्तेजींनी परवानगी दिली आहे, अकरा वाजल्यापासून इथेच विहारात बसेन. येताना दहावीची सनद, टी.सी., पदवीच्या सर्व गुणपत्रिका, माहेरचे रेशन कार्ड, लग्नाचा दाखला असेल तर तो, नसेल तर लग्नाची पत्रिका, आणि वडिलांचा किंवा आजोबांचा जो जुना कागद असेल तो घेऊन या. उंदराने कुरतडलेला असला तरी आणा. बी.ए. अर्धवट राहिलेल्यांनीही यावे, त्यांचे आधी ते पुरे करू. मोबाईल चार्ज करून आणा, इथला बोर्ड एकच आहे. लेकरांना आणले तरी चालेल, माझा मुलगा त्यांना कोडी घालेल.

जयभीम!